ॲल्युमिनियम बोटीचे रिव्हेट पुन्हा पुन्हा गळतात? आधी ट्रेलर तपासा

तक्रार ठरलेली असते. चौदा फुटी ॲल्युमिनियमची रिव्हेटवाली बोट (म्हणजे पत्रे धातूच्या ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेली), सोलापुरातून कारमागे बांधून उजनी धरणावर न्यायची, गळ टाकायचे, संध्याकाळी परत आणायची. पहिल्या हंगामात तळ कोरडा ठणठणीत. दुसऱ्या हंगामात पायाखाली पेलाभर पाणी, मग तांब्याभर. कुणीतरी सांगतं म्हणून सीलंट भरतात, काही दिवस बरे जातात आणि गळती परत सुरू होते. तीही बहुतेक त्याच जागी.

त्याच जागी, हेच महत्त्वाचं. बोट म्हातारी झाली असती तर कुठेही गळली असती. ठरावीक रिव्हेटच ढिले होत असतील, तर त्यांना कुणीतरी रोज ठोकतंय, आणि ते काम ट्रेलर करतोय. पाण्यात बोटीला खालून सगळीकडून सारखा आधार असतो. ट्रेलरवर तोच दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा चार-सहा जागी टेकतो, त्यावर मागे इंजिन लटकतं आणि पाकणी, मोहोळ, मोडनिंब, टेंभुर्णी असा ऐंशीएक किलोमीटरचा रस्ता. हायवे चांगला आहे हो, पण सर्व्हिस रोडचे गतिरोधक आणि हायवे सोडल्यावर काठापर्यंतचा कच्चा रस्ता, तिथे खरी परीक्षा होते. बोट पाण्यात जेवढी झिजत नाही तेवढी रस्त्यावर झिजते.

आता सोलापूरची खास अडचण. इथे बोटीचा ट्रेलर तयार मिळत नाही. उजनीचे मच्छीमार पत्र्याच्या, लाकडी नाहीतर फायबरच्या होड्या काठालाच ठेवतात, त्यांना ट्रेलर लागत नाही. मग आपण जातो ट्रॉलीवाल्याकडे. जिल्ह्यात साखर कारखाने एवढे, की उसाच्या ट्रॉल्या बनवणारे हात कसलेले आहेत. वेल्डिंग बघून घ्यावं. एका वर्कशॉपमध्ये मी विचारलं होतं, "मामा, स्प्रिंग जरा जड वाटत नाहीत का?" मामांनी चॅनेलवर हातोडी आपटली. "ओ सायब, टनभर ऊस घाला की ह्येच्यावर. वाकलं तर पैशे परत!"

वाकत नाही हाच दोष आहे. सात पाट्यांची कमान, म्हणजे एक्सलवरची पट्ट्यांची स्प्रिंग, टनाच्या हिशोबाने लावलेली, आणि वर बोट दोनशे किलोची. पाटे हलतच नाहीत. खड्ड्याचा धक्का पाट्यांनी गिळायचा, तो सरळ चौकटीतून बोटीखालच्या आधाराच्या फळ्यांवर आणि फळ्यांवरून रिव्हेटवर जातो. रिकामी ट्रॉली रस्त्यावर कशी उडत जाते ते आपण रोज बघतो. तुमची बोट त्याच ट्रॉलीत बसली आहे.

म्हणून पहिलं काम वजन. कॅटलॉगमधलं नाही, प्रत्यक्षातलं. चौदा फुटी मोकळी बोट साधारण ९५ किलो धरा, १५ हॉर्सपॉवरचं इंजिन ४५, पंचवीस लिटर पेट्रोल टाकीसकट २०, बॅटरी १५, नांगर-दोर-जॅकेट-बर्फाचा डबा मिळून ३०. झाले २०५ किलो. ट्रेलरचं स्वतःचं वजन १४० असेल तर एकूण ३४५. तुमचे आकडे वेगळे निघतील, पण कारचं इंजिन बघून ट्रेलर ठरवणाऱ्यांनी एकदा हा हिशोब कागदावर मांडावाच. गाडी काय ओढू शकते हा प्रश्न इथे दुय्यम आहे, एवढं ओझं कुठलीही बरी गाडी ओढते. प्रश्न पाट्यांचा आहे. दोन्ही बाजूंचे मिळून पाटे साधारण ३०० किलोच्या, फार तर ३५० किलोच्या ओझ्याला बेतलेले हवेत. टनाचे नकोत.

पाटे काम करतात की नाही हे बघायची एक स्वस्त युक्ती आहे. शाडूची माती घट्ट मळून तिचा सुळका करा आणि एक्सलवर, चौकटीच्या बरोबर खाली चिकटवा. सुळक्याचं टोक चौकटीला जेमतेम शिवलं पाहिजे. दोन्ही बाजूंना असं करा, बोट नेहमीच्या सामानासकट बांधा आणि मोहोळपर्यंत जाऊन या. परत आल्यावर सुळका किती दबला ते मोजा. दोन-चार सेंटिमीटर दबला असेल तर पाटे ठीक आहेत. नखाएवढंच टोक बोथट झालं असेल, तर तुमच्याकडे स्प्रिंग नाही, नुसती लोखंडी बैठक आहे. भाकरीसारखा चपटा झाला असेल तर उलटा रोग, पाटे कमी पडतात आणि एक्सल चौकटीवर आदळतोय. घरी शाडू नसेल तर कणीक चालते, फक्त वाटेत ढाब्यावर थांबू नका, कुत्री पुरावा खाऊन टाकतात.

कडक निघाली तर कमान बदलून हलकी घ्या, किंवा कमानपाटेवाल्याकडून मधले पाटे काढून घ्या. मुख्य पाटा आणि त्याच्या लगतचा, यांना हात लावायचा नाही. दोन्ही बाजूंचे सारखेच काढायचे. पाटे कमी झाले की सेंटर बोल्ट लांब पडतो आणि यू-बोल्टला आटे पुरत नाहीत, तेही त्याच वेळी बदलून घ्या. आणि टायरमध्ये हवा! कारच्या नेहमीच्या सवयीने पेट्रोल पंपावर ३५ भरतात. एका चाकावर पावणेदोनशे किलोही नाहीत, तिथे बाराइंची टायरला बावीस-चोवीस पुष्कळ झाली. फुगवलेला टायर चेंडू होतो, आणि पाटे कितीही चांगले असोत, मग उपयोग नाही.

आता गळती कुठे आहे ते नीट बघू, कारण जागाच कारण सांगते. बोट ट्रेलरवर असतानाच आत पाणी ओता, पण फक्त तीन-चार बोटं. हौसेने काठोकाठ भरू नका. लिटरला किलो या हिशोबाने काही शे किलो कधी चढले ते कळणारही नाही आणि त्याच दिवशी नवे रिव्हेट ढिले कराल. खाली झोपून, हातात टॉर्च घेऊन, पाझरणाऱ्या प्रत्येक रिव्हेटभोवती मार्करने गोल काढा. मग पाणी सोडून द्या आणि गोलांकडे जरा लांबून बघा.

गोल मागच्या बाजूला, दोन्हीकडे, ट्रान्समच्या थोडे पुढे जमले असतील, तर आधाराच्या फळ्या आखूड आहेत. हा सर्रास दिसणारा रोग. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन अडकवतो. फळ्या तिच्या खालपर्यंत आल्याच पाहिजेत, दोन बोटं बाहेर आल्या तरी चालतील. फळी एक फूट अलीकडे संपली, की तो फूटभर भाग इंजिनासकट हवेत लटकतो आणि प्रत्येक खड्ड्याला पत्रा फळीच्या टोकावर वाकतो. तिथलीच ओळ ढिली होते. फार दिवस तसं चाललं, की तळाला तिथे कायमची खोलगट वळी पडते. सरळ पट्टी लावून बघा. वळी पडली असेल तर बोट पूर्वीच्या वेगाने जात नाही आणि नाक खाली धरते, त्याचं खापर मग बिचाऱ्या इंजिनावर फुटतं.

गोल मधोमध कण्याच्या रेषेत असतील, तर सगळं ओझं रोलरवर आहे आणि फळ्या नुसत्या शोभेला. किंवा फळ्या आहेत पण खाली बसल्यात. वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कापा आणि फळी आणि तळ यांच्यात वीतभर अंतरावर सरकवत जा. जिथे पट्टी सुळकन आत जाते तिथे आधार नाही. रोलर बोट चढवताना मधे ठेवण्यापुरता असावा, कण्याला हलका शिवणारा. वजन फळ्यांनी घ्यायचं, तेही तळाच्या आतून जिथे आडवे-उभे पट्टे आहेत त्यांच्या खाली. दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या पत्र्याखाली फळी आली तर पोचे पडतात.

गोल एकाच बाजूला? फळ्यांची उंची वरखाली आहे, किंवा एक्सल वाकलाय. पुढच्या भागात, नाकाजवळ? बोट ट्रेलरवर उड्या मारते आहे, बांधणी बघा. सगळीकडे विखुरलेले असतील तर पाटे कडक आहेत, वरचं शाडूचं प्रकरण परत वाचा.

फळ्यांबद्दल आणखी थोडं, कारण इथे लोक फार प्रेमाने चूक करतात. फळी मऊ हवी म्हणून तिच्यावर सोलापुरी चादर गुंडाळलेली मी पाहिली आहे. चादरीबद्दल आदर आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि उजनीचा गाळ त्यात जाऊन बसतो. ॲल्युमिनियमवर हवेमुळे जो पातळ संरक्षक थर असतो, तो ओल्या, हवाबंद कापडाखाली टिकत नाही. चार महिन्यांनी बोट उचलून बघितली तर खाली पांढरी पूड आणि टाचणीएवढे खड्डे. सिंथेटिक कार्पेट लावा, जे उन्हात तासाभरात वाळतं, किंवा कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवा. पट्ट्यांवर बोट फार सहज घसरते, म्हणून विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या हातचक्राचा, पट्टा उतारावर आधीच सोडायचा नाही. तांब्याचं औषध मारलेलं, वाळवी लागू नये म्हणून हिरवट केलेलं लाकूड ॲल्युमिनियमखाली अजिबात नको. तांबं आणि ॲल्युमिनियम ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रू फळीत खोल बसवलेले हवेत, डोकं वर राहिलं की पत्र्याला भोक ठरलेलं.

इथून पुढचं काम क्रमाने केलं तरच जुळतं. आधी ट्रान्सम फळ्यांच्या टोकावर आणायचा. मग नाक जिथे येईल तिथे विंचचा खांब सरकवून रबरी ठोकळा टेकवायचा. आणि सगळ्यात शेवटी ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडायच्या दांडीवरचं वजन बघून एक्सल हलवायचा. लोक उलटं करतात. गाडीमागे ट्रेलर डुलायला लागला, की दांडीवर वजन यावं म्हणून बोटच पुढे ओढतात. डुलणं थांबतं, पण ट्रान्सम फळ्या सोडून पुढे जातो, म्हणजे फळी नको तिथे टेकते, किंवा बोट मागे सरकवली तर ट्रान्सम हवेत. एक दुखणं काढून दुसरं लावून घेतलं.

दांडीवर एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के यावेत. ३४५ किलोला २४ ते ३५ किलो. त्यासाठी घरचा वजनकाटा पुरतो, किंवा मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या तोलतात तसला प्लॅटफॉर्म काटा. ट्रेलर सपाट जमिनीवर, दांडी गाडीच्या हुकाच्या उंचीला, खाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा. उंची चुकली की आकडाही चुकतो. वजन कमी भरलं तर एक्सल मागे न्यायचा, जास्त भरलं तर पुढे. हुकापासून एक्सलपर्यंत तीन मीटर अंतर असेल तर पाच सेंटिमीटर सरकवल्यावर साधारण सहा किलोचा फरक पडतो. त्यामुळे एक्सल वेल्ड करून घेऊच नका, यू-बोल्टवरच ठेवायला सांगा. ट्रॉलीवाले मामा कुरकुर करतील. करू द्या. सरकवल्यावर दोन्ही बाजूंनी एक्सलचं टोक ते हूक हे अंतर टेपने मोजा, दोन्ही सारखी आली नाहीत तर ट्रेलर तिरपा चालेल आणि टायर खाईल.

हुकाचं म्हणाल तर ट्रॅक्टरच्या पिनेची पद्धत कारला नको. पिनेला खेळ असतो. ब्रेक मारला की ट्रेलर पुढे येऊन धडकतो, गाडी सोडली की मागे ओढला जातो, आणि बोटीचं नाक ठोकळ्यावर आपटत राहतं. गोळ्याचा हूक घ्या, आणि गोळा व वरची कपलिंग एकाच मापाची आहे ना ते बघा. ५० मिलिमीटर आणि दोन इंच हे दिसायला एक वाटतात, पण दोन इंच म्हणजे ५०.८. दोन इंची गोळ्यावर ५० ची कपलिंग नीट बसत नाही, वरवर अडकल्यासारखी वाटते आणि गतिरोधकावर उडते. सुरक्षेच्या साखळ्या दोन, दांडीखाली फुलीत.

बांधणीत नाकाचा विंचचा पट्टा पुरेसा समजतात. तो बोट पुढे धरतो, खाली धरत नाही. मागून ट्रान्समच्या दोन कड्यांतून ट्रेलरच्या चौकटीला दोन रॅचेट पट्टे हवेतच, नाकाला वेगळी साखळी हवी. नायलॉनची दोरी भिजली की ताणते, टेंभुर्णी येईपर्यंत बोट मोकळी. उलट काही जण बोटीच्या अंगावरून आडवा पट्टा टाकून एवढा आवळतात की काठ आत वाकतात. आणि इंजिन वर उचलून नुसत्या खटक्यावर सोडू नका. इंजिन आणि ट्रेलर यांच्यात आधाराची दांडी लावा, नाहीतर पंचेचाळीस किलोचा लोलक ऐंशी किलोमीटर ट्रान्सम हलवत येतो.

चाकांचं थोडक्यात. रिक्षाची आठ इंची चाकं स्वस्त पडतात, पण ताशी ६० ला मिनिटाला पावणेआठशेच्या आसपास फेरे घेतात; जुन्या ओम्नीची बारा इंची सहाशेत भागवतात, शिवाय खड्ड्यात कमी आपटतात. उजनीला त्याचा आणखी एक फायदा. धरणातल्या एकूण ११७ टीएमसीपैकी निम्म्याहून जास्त, ६३ च्या वर, मृतसाठाच आहे. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेलं की काठ लांब सरकतो आणि मधे गाळाचा पट्टा उघडा पडतो. छोटं चाक त्यात एक्सलपर्यंत रुततं. रुतलेला ट्रेलर गाडीने हिसका देऊन काढताना बोट वर असेल, तर एका हिसक्यात वर्षभराचं नुकसान होतं. बोट आधी उतरवा.

बेअरिंगचा आणि गळतीचा संबंध नाही, पण ट्रेलर वाटेत बसवतो तो तेच. रस्त्याने तापलेला चाकाचा हब थेट गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. काठावर आल्यावर चहा प्या, हबला उलटा हात लावून बघा, कोमट झाला की मगच पाण्यात. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, पुसून नवीन भरा.

एवढं सगळं झाल्यावर बोटीला हात लावायचा, आधी नाही. ढिले पण शाबूत रिव्हेट पुन्हा ठोकून घट्ट होतात. एकाने एका बाजूने जड लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने हलक्या हाताने ठोकायचं. झिजलेले बदलताना साधे पॉप रिव्हेट घालू नका, त्यांच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं. भरीव रिव्हेट, किंवा टोक बंद असलेले, आणि ॲल्युमिनियमचेच. खाली लवचिक राहणारं पॉलियुरेथेन सीलंट. दोन गोळ्या मळून लावायचं इपॉक्सी कडक होतं आणि पत्रा हलला की तडकतं, "सीलंट टिकत नाही" म्हणणाऱ्यांचं निम्मं रडगाणं त्यामुळे आहे. वेल्डिंगवाला म्हणेल आर्गनने टाका मारून देतो. रिव्हेटच्या पातळ बोटीवर नको. उष्णतेने शेजारचे चार रिव्हेट सैल होतात. पत्राच फाटला असेल तर आतून-बाहेरून ठिगळ आणि रिव्हेट.

गळती छोटी आहे, डब्याने उपसू, असं म्हणत बोट चालवणाऱ्यांना एकच सांगणं. तळाशी साचलेलं पाणी बोट कलली की त्याच बाजूला धावतं आणि आणखी कलवतं. २१ मे २०२४ ला उजनीच्याच पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. तिथे कारण वाऱ्याचं होतं, पण मे महिन्यात दुपारनंतर उजनीवर वारा कसा उठतो ते त्यावरून कळावं. जॅकेट अंगात घालायचं, फळीखाली ठेवायचं नाही.

कागदाचं राहिलं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे घरी बनवला म्हणून नोंदणी सुटत नाही. लोखंड कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या, नंतर मापं बदलणं महाग पडतं. मागचे दिवे, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर हवेतच. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रात्री हायवेवर बिनदिव्यांच्या ट्रॉल्या काय करतात ते सोलापूरकरांना सांगायला नको.

पावसाळ्यात बोट अंगणात ट्रेलरवरच राहणार असेल तर दांडी उंच ठेवून नाक वर करा आणि मागचं बूच काढा. नाहीतर एका रात्रीच्या पावसाने बोटीत एवढं पाणी साचतं की हलके केलेले पाटे सरळ होतात आणि पुन्हा कमानपाटेवाल्याच्या दारात जावं लागतं. काढलेलं बूच खिशात ठेवू नका, हमखास हरवतं. दोरीने विंचच्या हँडललाच बांधा, म्हणजे पुढच्या वेळी बोट पाण्यात सोडण्याआधी ते हाताला लागेल.